नैवेद्याच्या ताटातला गोठवलेला वाटाणा

गणपतीच्या दिवशी कर्जतमधल्या कितीतरी घरांत एकच वाद होतो. ओट्यावर पडवळ, भेंडी, अळू, लाल भोपळा चिरून तयार असतो. मोदकांचं सारण कोमट होत आलेलं असतं. सून फ्रीझरमधून हिरव्या वाटाण्याची पिशवी काढते आणि सासूबाई म्हणतात, "अगं, हे शिळं बाप्पापुढे ठेवणार?" सून म्हणते, "शिळं कुठे आई? आणि ताटातली दुसरी एक तरी भाजी हा खाणार आहे का?" हा म्हणजे दारात उभा असलेला सात वर्षांचा मुलगा. मोदक आणि मटारची उसळ या दोन गोष्टींवर त्याचा सण पार पडतो.

वाटाणा थंडीतला. भाद्रपदात तो रायगडातल्या कुठल्याही शेतावर नसतो. म्हणजे गणपतीच्या ताटात उसळ असेल, तर ती बहुतेकदा वाळवलेल्या वाटाण्याची, नाही तर गोठवलेल्या. वाळवलेल्याला सासूबाईंची हरकत नाही. तो त्यांच्या आईच्याही घरी डब्यात असायचा. हरकत आहे ती बर्फाला. तिला जुनेपणा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. अन्न ताजं कशामुळे होतं आणि शिळं कशामुळे, हा प्रश्न आपल्या परंपरेने फार बारकाईने हाताळला आहे. त्या बारकाईत शिरलं की सुनेची बाजूही सापडते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात अन्नाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. तामस अन्नाच्या वर्णनातला पहिलाच शब्द आहे यातयाम. याम म्हणजे प्रहर, तीन तासांचा काळ. ज्यावरून प्रहर उलटून गेला ते यातयाम, असा अर्थ सहज सुचतो. रामानुजाचार्यांनीही तसाच घेतला आहे: फार वेळ पडून राहिलेलं अन्न. शंकराचार्य मात्र वेगळ्या वाटेने जातात. त्यांच्या भाष्यात यातयाम म्हणजे मंदपक्व, नीट न शिजलेलं. कारणही ते देतात. सत्त्व निघून गेलेलं अन्न सांगायला लगेच पुढे गतरस हा शब्द आलाच आहे. मग तेच दोनदा कशाला? त्यानंतर येणाऱ्या पर्युषित या शब्दाचा अर्थ ते शिजवल्यावर रात्र उलटलेलं अन्न असा लावतात. एकाच शब्दाकडे दोन आचार्यांनी दोन बाजूंनी पाहिलं. एकाने घटका मोजल्या, दुसऱ्याने चुलीकडे पाहिलं.

आता पिशवीतला वाटाणा घ्या. शेंग वेलीवरून खुडली की दाण्यातल्या साखरेचं स्टार्च व्हायला लागतं. काही तासांतच गोडी उतरते, दाणा पिठूळ होतो. ते थांबवण्यासाठी कारखान्यात सोललेला दाणा उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून मिनिट-दोन मिनिटं काढतात. रंग, चव आणि जीवनसत्त्वं बिघडवणारी विकरं त्या उष्णतेने निकामी होतात. मग दाणा ताबडतोब गार करून, सुटा सुटा गोठवून उणे १८ अंशांवर ठेवतात. थोडक्यात, तो कच्चाही नसतो आणि शिजलेलाही नसतो. शंकराचार्यांचा शब्द त्याला जसाच्या तसा लागू पडतो: मंदपक्व.

म्हणजे सासूबाईंचा आक्षेप खरा, फक्त तो घड्याळावरून काढून चुलीवर आणायला हवा. गोठवलेली भाजी शिळी नाही, अर्धवट आहे. तिचं उरलेलं काम घरी व्हायचं असतं. ते तसंच सोडून दिलं, तर मात्र ताटात यातयाम अन्नच पडलं म्हणायचं.

हे नुसतं शब्दांचं साधर्म्य नाही. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातल्या पाच देशांत लिस्टेरिया जिवाणूचा संसर्ग पसरला. ४७ जण आजारी पडले, नऊ दगावले. माग काढत तपास पोचला तो गोठवलेल्या मक्यापर्यंत. थंडीने जिवाणू झोपतात, मरत नाहीत. पिशवीतले मक्याचे दाणे तसेच कोशिंबिरीत टाकले तर धोका राहतो. आतपर्यंत वाफ येईतो शिजवले तर जातो. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्या ताटात तर ही काळजी हवीच.

गोठवण्याची ही पद्धत जेमतेम शंभर वर्षांची. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस १९१२ नंतर काही वर्षं आजच्या कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये होता. तिथले इन्युइट लोक मासा पकडून बर्फाळ वाऱ्यात ठेवत आणि तो क्षणात गोठे. महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे. हळू गोठलं की अन्नात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात, झटकन गोठलं की स्फटिक बारीक राहतात, हे त्याने हेरलं. त्यावरून त्याने यंत्रं बांधली आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या दुकानांत गोठवलेले वाटाणे, पालक, मासे विकायला ठेवले गेले. साठवणीची धडपड मात्र आपल्याकडेही जुनीच आहे. वाल वाळवणं, सांडगे घालणं, आमसुलं करणं हे सगळं पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठीच तर होतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही शिळं वर्ज्य सांगताना लगेच सूट दिली आहे: ज्यात स्नेह, म्हणजे तूप-तेल आहे ते आदल्या दिवशीचं असलं तरी खावं. नियम घालणाऱ्यांना स्वयंपाकघर ठाऊक होतं.

तरी ताजं ते ताजंच, असं कोणी म्हणेल. पण बाजारातली 'ताजी' शेंग कुठून येते तेही पाहावं. पुरंदरचा वाटाणा ट्रकमध्ये भरून एक्स्प्रेसवेने खालापूरच्या टोलनाक्यावरून वाशीच्या बाजारात जातो आणि मग कर्जतच्या भाजीवालीच्या टोपलीत यायला उलटा फिरतो. तोवर एक-दोन दिवस जातात, मग तो घरच्या फ्रीजमध्ये आणखी तीन दिवस राहतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये आठ फळं-भाज्यांची तुलना केली: काही फ्रीजमध्ये ठेवलेल्या, काही गोठवलेल्या. जीवनसत्त्वांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी गोठवलेली भाजी मागे नव्हती, कुठे कुठे पुढेच होती. वाटाण्यातलं बीटा कॅरोटीन मात्र गोठवल्यावर बरंच घटलं, हेही त्यांनी नोंदवलं. जमेची आणि खर्चाची अशा दोन्ही बाजू सांगणारा हिशेब विश्वासाचा.

आता स्वयंपाकघरात, कारण उरलेलं काम तिथेच आहे. गोठवलेली भाजी मुलं ढकलून देतात ती बहुतेकदा पाण्यामुळे. दाणे ओट्यावर वितळत ठेवले, मग कुकरला लावले, की बर्फाचं पाणी आणि कुकरची वाफ मिळून त्यांचा लगदा होतो. त्याऐवजी लोखंडी कढई चांगली तापू द्यावी. तेलात जिरं तडतडलं, हिंग पडला, की पिशवीतून थेट मूठ-दोन मूठ दाणे टाकावेत. एकदम सगळी पिशवी नाही, नाही तर कढईच गार पडते. आच मोठी, झाकण नाही. आधी चर्रकन आवाज होतो आणि वाफेचा लोट उठतो. दोन-तीन मिनिटांनी आवाज बदलतो, ओला चुरचुराट जाऊन कोरडी तडतड सुरू होते. पाणी संपल्याची ती खूण. दाण्याची साल किंचित सुरकुतते, एखाद्यावर तपकिरी ठिपका येतो. दाणा बोटांत दाबला की आत गरम आणि मऊ लागला पाहिजे. मीठ तेव्हा घालावं, आधी घातलं तर ते पुन्हा पाणी ओढून काढतं. वर गुळाचा खडा, ओलं खोबरं, कोथिंबीर. मिश्र भाजीच्या पिशवीतलं गाजर आणि फरसबी जरा जास्त वेळ मागतात, मका कमी. फ्लॉवरचे तुरे तर तव्यावर कडा लाल होईतो परतले, की ज्या मुलाने पाणचट फ्लॉवर कधी तोंडात घेतला नाही तेही हाताने उचलून खातं.

एवढं झालं की अन्न मंदपक्व राहत नाही. पण सात्त्विक झालं का? गीतेने सात्त्विक अन्नाची खूण सांगताना आयुष्य, बळ आणि आरोग्याच्या जोडीला सुख आणि प्रीती वाढवणारं असं म्हटलं आहे. रसाळ आणि हृद्य, म्हणजे मनाला भावणारं, असंही म्हटलं आहे. या शब्दांवरून आपण फार भराभर पुढे जातो. सात्त्विक म्हटलं की अळणी, उकडलेलं, औषधासारखं गिळायचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. गीतेला ते अभिप्रेत दिसत नाही. मुलाला आवडणं हा लाड नाही, अन्नाच्या गुणाचाच तो भाग आहे. "आवडो न आवडो, संपव" असं दरडावून भरवलेली पालेभाजी शेतातून तासाभरापूर्वी आलेली असली, तरी तिच्यातली प्रीती गेली. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २००६ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला. एका सूपच्या वेळी 'संपव बरं' असा आग्रह होत राहिला, दुसऱ्याच्या वेळी काहीच बोललं गेलं नाही. आग्रहाचं सूप मुलांनी कमी प्यायलं आणि त्याबद्दल वाईटही अधिक बोलली. ताटापुढची जबरदस्ती ही हिंसाच आहे, सौम्य असली तरी. आपल्या घरांत ती प्रेमाच्या नावाखाली चालते आणि म्हणूनच ती ओळखायला अवघड जाते.

याच भागातला एक माणूस गीतेच्या या सतराव्या अध्यायावर बोलला होता. विनोबा भावे जन्मले ते खालापूरच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात, १८९५ मध्ये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सोपा करून सांगत. सतराव्याच्या वेळी त्यांनी आहारशुद्धीचा विषय घेतला. ती प्रवचनं शब्दशः उतरवून घेतली साने गुरुजींनी, आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्याच हाताने 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात 'अळणी भाजी' नावाचं एक प्रकरण आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक अक्षर न बोलता जेवतात आणि त्यांचं पाहून मुलंही जेवतात. आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला कळतं आणि तिचा जीव हळहळतो. दुसऱ्याच्या कष्टांचा मान राखणारे वडील थोर, की अळणी भाजी वाढली गेली म्हणून व्याकूळ होणारी आई थोर, असा पेच तिथे उभा राहतो. मुलांच्या जेवणाचा सगळा प्रश्न या पेचात आहे. खाणाऱ्याने अन्नाला नावं ठेवू नयेत आणि करणाऱ्याने ते चवदार करण्यात कसूर करू नये. आपण मात्र पहिली अट मुलांवर लादतो आणि दुसरी विसरतो. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा न करणं हे व्रत सांगितलं आहे. ते आधी मोठ्यांनी पाळायचं. बाप कारलं बाजूला सारतो आणि मुलाला म्हणतो, खा. मुलगा बापाचं ऐकत नाही, बापाकडे पाहतो.

मग लपवण्याचा मार्ग निघतो. वाटाणे, गाजर, पालक वाटून पराठ्यात किंवा डोशाच्या पिठात घालायचे आणि मुलाला पत्ता लागू द्यायचा नाही. हे असत्य आहे का? बारीक चिरणं, किसणं, कणकेत मळणं हे असत्य नव्हे. मेथीचे ठेपले आणि पालकाच्या पुऱ्या कोणी चोरून करत नाही. पण मुलाने "यात काय आहे?" असं सरळ विचारल्यावर "काही नाही" म्हणणं हे खोटं आहे आणि ते पकडलं जातंच. त्या दिवसापासून मूल प्रत्येक पराठा उलगडून पाहायला लागतं. शिवाय लपवलेल्या भाजीशी मुलाची ओळख होत नाही. नव्या भाजीची चव जिभेला रुळायला आठ, दहा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते, असं या विषयातलं संशोधन सांगतं. लपून आलेली भाजी पंधरा वेळा आली तरी पहिल्यांदाही भेटलेली नसते. हिरवी पुरी हिरवी म्हणूनच वाढावी आणि विचारलं तर पालक म्हणून सांगावं.

कर्जत-खालापुरात मुलांना भाजी खा म्हणावं लागत नाही, असे काही दिवस असतात. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कुठे अंडी, कुठे कोंबडी, वरून जाडं मीठ आणि ओवा. पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं आणि मडकं पालथं घालून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्रकन उडालं की झालं. एरवी वालाच्या कडवट उसळीला तोंड फिरवणारी मुलं शेंगा ओरबाडून खातात, तोंडं काळी होईतो. भाजी तीच. बदललेलं असतं ते भोवतालचं: पाला त्यांनीच तोडून आणलेला असतो, जाळ त्यांनीच सारलेला असतो आणि शेजारी दहा मुलं खात असतात.

हरिनाम सप्ताहाचा शेवट काल्याने होतो, त्याची कथाही हेच सांगते. गोपाळांच्या शिदोऱ्या कृष्णाने एकत्र कालवल्या. कोणाची भाकरी, कोणाचं दही, कोणाचं लोणचं. कोणाचं काय हे उरलं नाही, तेव्हा त्याचा प्रसाद झाला. शाळेच्या डब्यात रोज तेच घडतं. घरी फरसबीला हात न लावणारं मूल मैत्रिणीच्या डब्यातली फरसबी खाऊन येतं आणि आईला ते खरं वाटत नाही. लीन बर्च या संशोधिकेने १९८० साली हे तपासून पाहिलं होतं. एखादी भाजी नावडणाऱ्या मुलाला, ती आवडीने खाणाऱ्या मुलांबरोबर जेवायला बसवलं; थोड्याच दिवसांत ते मूलही ती भाजी उचलू लागलं. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी ठरवून दिलेली आहे. तिचा खरा उपयोग पंगतीत आहे. खिचडीत वितळून गेलेल्या ५० ग्रॅमपेक्षा ताटात वेगळे दिसणारे, मोजता येणारे वाटाणे मुलांच्या अधिक ओळखीचे होतात.

घरातही ही पंगत करता येते. काऊ-चिऊचा घास आपण सगळ्यांनी खाल्लेला आहे. जेवणापूर्वी ताटाभोवती चित्राहुती घालणारे आजोबा आणि एक घास काऊला ठेवणारं बाळ एकच गोष्ट करत असतात: अन्न माझ्या एकट्याचं नाही असं म्हणत असतात. मोबाइल समोर धरून भरवलेल्या घासात काऊ नाही, चिऊ नाही आणि बाळही नाही.

गोठवण्याने एक गोष्ट जाते, तीही मान्य करायला हवी. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर ठाकर आणि कातकरी बायका कर्जत-नेरळच्या स्टेशनबाहेर शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळं घशाला खाजतात म्हणून सोबत काकडाची आंबट फळंही देतात. मग येतात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. शेवळांचे दिवस इतके थोडे, की काही घरांत ती साफ करून, परतून फ्रीझरमध्ये ठेवतात. श्रावणात मुंबईहून आलेल्या लेकीसाठी ठेवली तर ते प्रेमच आहे. पण बारा महिने सगळंच मिळू लागलं की वाट पाहणं संपतं, आणि वाट पाहणं हीसुद्धा एक चव आहे. चातुर्मासातली शाकव्रतं, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं न खाण्याचा नियम, भोगीची लेकुरवाळी भाजी यांनी प्रत्येक भाजीला तिचा दिवस दिला होता. दारात शेंगवाली ओरडत असताना पौषात पिशवीतला वाटाणा आणणं म्हणूनच चुकीचं. त्या दिवसांत शेंगा आणाव्यात, मुलांना सोलायला बसवावं, सोलता सोलता तोंडात टाकलेले दाणे मोजू नयेत. उरलेले दाणे उकळत्या पाण्यातून मिनिट-दोन मिनिटं काढून, गार पाण्यात बुचकळून, फडक्यावर कोरडे करावेत. ताटलीत सुटे पसरून गोठवावेत आणि मगच पिशवीत भरावेत. घरचा फ्रीझर कारखान्याइतका झटपट गोठवत नाही, त्यामुळे दाणा थोडा मऊ होतो, उसळीला चालतो.

भाद्रपदात तीच पिशवी बाहेर निघते. खालापूर तालुक्यातल्या महडला वरदविनायकाच्या गाभाऱ्यात जाऊन भक्ताला आपल्या हाताने पूजा करता येते, म्हणून लोकांना ते देऊळ जवळचं वाटतं. नैवेद्यातही हाताचाच प्रश्न आहे. कारखान्याने किंवा फ्रीझरने अर्धवट ठेवलेलं काम घरातल्या हाताने कढईत पुरं केलं असेल, तर ती उसळ शिळी नाही आणि देवापुढे ठेवायला कसलीही हरकत नाही. एवढं मात्र पाहावं, की पावसाळ्यात कर्जतला वीज जाते. पिशवी हातात घेऊन हलवावी. दाणे सुटे खुळखुळले तर ठीक. त्यांचं ढेकूळ झालं असेल तर ते मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलेले आहेत. ते देवालाही दाखवू नयेत आणि मुलालाही वाढू नयेत. आणि ताट वाढून झालं, की दूर्वेने त्याभोवती पाणी फिरवायचं काम त्या सात वर्षांच्या मुलाला द्यावं.